सल्लागार आणि सरकार : लेखांक ६
गाडगीळांचे सूत्र

धनंजयराव गाडगीळांना दिल्लीतली मोठी खुर्ची मिळाली ती १९६७ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी. नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद. मात्र सरकारला सल्ला देण्याचे काम ते त्याआधी दोन तपांहून अधिक काळ करत होते, आणि तेही पुण्यात बसून.

केंब्रिजहून परतल्यावर थोडा काळ मुंबई सरकारची नोकरी, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद, आणि १९३० पासून पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. तिथे ते १९६६ पर्यंत संचालक होते. पुण्याचा फळबाजार, शहरातली कुटुंबे, वाई तालुक्यातली शेती असे विषय घेऊन संस्थेची माणसे वह्या घेऊन दारोदार फिरत. पुढे गाडगीळांच्या शब्दाला जे वजन आले, ते या पाहणीचे.

वजन असले म्हणून शब्द पाळला जातोच असे नाही. १९४७ मध्ये वस्तूंच्या किमतींसाठी नेमलेल्या मंडळावर ए. डी. गोरवाला आणि गाडगीळ होते. धान्यावरचे नियंत्रण एकदम उठवू नका, असे त्यांनी बजावले. सरकारने वर्षअखेरीस ते उठवले, भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रण परत आणावे लागले.

पुढे गोरवालांच्याच अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपाहणी समितीत गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबे. निष्कर्ष झोप उडवणारा होता : शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, सावकारांचा ७० टक्क्यांच्या घरात. सहकार फसला म्हणून तो गुंडाळा, असे मात्र समितीने म्हटले नाही. सरकारने त्यात भांडवल घालून भागीदार व्हावे असे सुचवले. हे सांगणारे गाडगीळ त्याच काळात प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष होते आणि विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष. उसाचा भाव ठरवताना होणारी ओढाताण त्यांना कुणी अहवालातून समजावण्याची गरज नव्हती.

आता त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राकडे. तोवर राज्यांना योजनेसाठी किती पैसा द्यायचा हे एकेका प्रकल्पावरून, वाटाघाटींत ठरे. ज्याची दिल्लीत ऊठबस अधिक त्याचे फावे. गाडगीळांनी १९६९ मध्ये याला वजाबाकी-भागाकाराचे रूप दिले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवायची. उरलेल्या रकमेचे ६० टक्के लोकसंख्येवर. १० टक्के, ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी त्यांनाच. १० टक्के कर उभारण्याच्या प्रयत्नावर. १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी. आणि १० टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी. मदतीचे ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज.

यातल्या उत्पन्नाच्या रकान्यात महाराष्ट्राच्या वाट्याला शून्य येत होते, कारण आपण सरासरीच्या वर होतो. मांडणारा माणूस महाराष्ट्राचा होता, हे इथे आवर्जून नोंदवतो. खास अडचणींचे १० टक्के मात्र मला या सूत्रातली ढिली गाठ वाटते. अडचण खास की नाही हे शेवटी आयोगच ठरवणार होता. तरीही उरलेल्या ९० टक्क्यांत आयोगाने स्वतःचेच हात बांधून घेतले. अधिकार वाढवून मागणारे सल्लागार पुष्कळ असतात, आपल्याच खुर्चीचे अधिकार कमी करणारा विरळा.

१९७१ च्या निवडणुकीनंतर गाडगीळांनी पद सोडले. ३ मे रोजी, पुण्याला परतताना, प्रवासातच त्यांचे निधन झाले. लोकसंख्येचा आणि उत्पन्नाचा वाटा पुढे बदलत गेला, तरी सूत्राचा सांगाडा नियोजन आयोग बंद होईपर्यंत टिकला.

पुढील लेखांकात गोखले संस्थेतलेच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ, आणि त्यांनी १९७१ मध्ये मांडलेला दारिद्र्याचा हिशेब.