वायद्यातला नफा जातो कुठे?

शेअरबाजारातला व्यापारी म्हटला की झटपट श्रीमंती डोळ्यांपुढे येते. पण वायदेबाजारात धान्य पिकत नाही. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा. ‘सेबी’ने २०२४ साली हिशेब मांडला. मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभर किरकोळ व्यापाऱ्यांपैकी ९३ जण तोट्यात. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींवर. शेवटच्या वर्षी त्यांतल्या शेकडा ७५हून अधिकांचं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं. नफा गेला तो मुख्यतः मोठ्या पेढ्यांकडे नि परदेशी संस्थांकडे. त्यांचे सौदे संगणक करतो; तुमचं बोट हलेपर्यंत भाव बदललेला असतो. अशी थेंबाथेंबाची पुंजी तळ्याकडेच वाहते. तेव्हा घरखर्चाचा पैसा लावण्याआधी विचारा, समोर कोण बसलंय?