शेजाऱ्याची भिंत आणि आपली गाडी

सोलापुरात सात रस्ता नावाचा चौक आहे. नावाप्रमाणे तिथे सात वाटा येऊन मिळतात. दवाखाना, कचेरी, बाजार, लेकीचे घर, कशासाठी तरी आपण गाडी घेऊन शहरात जातो. मोठ्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. मग आपण ती आतल्या बोळात, कुणाच्या भिंतीच्या कडेला नाहीतर लिंबाच्या झाडाखाली लावतो. सोलापूरचे ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. सावली दिसली की गाडी आपोआप तिकडे वळते.

चैत्र-वैशाखात दुपारनंतर आभाळ भरून येते. वळवाचा वारा सुटतो. पाऊस थोडा आणि धूळ फार. जुनी भिंत ढासळते, पत्रा उडतो, फांदी मोडते. आणि खाली आपली गाडी उभी असते.

समजा, तुमच्या बाबतीत असेच झाले. तुम्ही लेकीकडे आला होता. गाडी बोळात लावली होती. शेजारच्या घराच्या गच्चीचा कठडा गाडीवर कोसळला. टप दबला, पुढची काच फुटली. माणूस कुणी सापडला नाही, हे नशीब. पण गाडी म्हणजे घरची लक्ष्मी. ती बंद पडली की भाजीपाला बाजारात जात नाही, म्हातारीला दवाखान्यात नेता येत नाही.

घरमालक बाहेर येतो आणि म्हणतो, "पाव्हणं, वारं काय माझ्या हातात आहे का? ही देवाची करणी."

तुम्ही म्हणता, "अण्णा, वारं देवाचं, पण भिंत तर तुमची आहे ना?"

दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे. पण भांडत बसून काच बसत नाही. आम्ही सांगतो, आधी घरात जा आणि विम्याचा कागद काढा.

विमा म्हटले की आपल्या लोकांना आयुर्विमा आठवतो. आयुर्विमा महामंडळ 1956 साली निघाले. ते माणसाच्या जिवाचा विमा उतरवते. गाडीचा विमा ते उतरवत नाही. गाडीच्या विम्याच्या कंपन्या निराळ्या असतात. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी, आणि शिवाय पुष्कळ खाजगी. तुमच्या कागदावर जिचे नाव असेल ती तुमची कंपनी.

आता तो कागद वाचा. एजंटाने काय सांगितले होते ते आठवत बसू नका. वरच्या बाजूला विम्याचा प्रकार लिहिलेला असतो. 'थर्ड पार्टी' किंवा 'लायबिलिटी' एवढेच लिहिले असेल, तर तो विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा आहे. तुमच्या गाडीने कुणाला इजा केली, तर कंपनी त्याला पैसे देईल. तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी मात्र एक पैसाही मिळणार नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने एवढाच विमा सक्तीचा केला आहे. म्हणून पुष्कळ लोक तेवढाच उतरवतात. हप्ता कमी पडतो, आणि आपल्या गाडीचा विमा आहे असा समज होऊन बसतो. भिंत पडली की मग तो समज उतरतो.

'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असे लिहिले असेल, तर तुमच्या गाडीचेही नुकसान त्यात धरले आहे. आग, वीज, वादळ, गारपीट, पूर, भूकंप, दंगा, चोरी आणि बाहेरून झालेला अपघात, हे सारे त्यात येते. भिंत वाऱ्याने पडली की मालकाच्या हयगयीने पडली, हे इथे सिद्ध करावे लागत नाही. गाडीवर भिंत पडली, एवढे दिसले की पुरे. शेजाऱ्याशी तंटा न करता पैसे मिळण्याची ही वाट आहे. ती आधी धरा.

गाडी हलवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. जवळून काढा आणि लांबूनही काढा. गाडीचा नंबर, पडलेल्या विटा आणि उरलेली भिंत एकाच फोटोत आली पाहिजे. मग त्याच दिवशी कंपनीला फोन करा. फोन नंबर कागदावर असतो. कंपनी दाव्याचा नंबर देईल, तो लिहून ठेवा. कंपनीचा माणूस म्हणजे सर्व्हेअर गाडी पाहून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका. पण फुटक्या काचेतून पाणी आत जात असेल, तर वरून ताडपत्री टाका. नुकसान वाढू न देणे हे तुमचे काम आहे. तुमच्या ढिलाईने वाढलेले नुकसान कंपनी भरत नाही. सर्व्हेअरची फी कंपनी देते. त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका.

पोलीस ठाण्यातही एक साधा अर्ज द्यावा आणि त्याच्या नकलेवर पोच घ्यावी. उद्या शेजारी म्हणाला, भिंत पडलीच नव्हती, तर तो कागद बोलेल.

आता पैशाचे गणित. इथेच लोक गोंधळतात आणि कंपनीने लुबाडले म्हणतात. कंपनी सगळे बिल देत नाही. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो, म्हणून ती झीज कापते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत कापतात. काचेची काहीच कापत नाहीत. पत्र्याची गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीला शेकडा 25. दहा वर्षांपुढच्या गाडीला शेकडा 50. शिवाय दर दाव्यात पहिली काही रक्कम तुमची तुम्ही सोसायची असते. 1500 सीसीपर्यंतच्या घरगुती मोटारीला ती 1000 रुपये आहे, मोठ्या मोटारीला 2000 आणि दुचाकीला 100.

तुमची मोटार लहान आणि साडेतीन वर्षांची आहे, असे धरू. टपाचा पत्रा 8000 रुपये, काच 5000, प्लास्टिकचा बंपर 3000 आणि मजुरी 6000. एकूण 22000. पत्र्याचे 2000 कापले, बंपरचे 1500 कापले, काचेचे काही नाही. राहिले 18500. त्यातून तुमचे 1000 वजा. कंपनी 17500 देईल. 4500 तुमच्या खिशातून जातील. जादा हप्ता भरून 'झिरो डेप्रिसिएशन'ची सोय घेतली असेल, तर झिजेची ही कपात टळते.

माल वाहणाऱ्या पिकअप-टेम्पोचे थोडे वेगळे आहे. त्यांच्या विम्यात दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग ही नुकसानी पुष्कळदा धरलेली नसते. जादा हप्ता भरला तरच ती धरतात. टेम्पोवाल्यांनी हे नूतनीकरणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट आहे. वर्षभर दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर शेकडा 20, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. एक दावा केला की सूट शून्यावर येते, चूक शेजाऱ्याची असली तरी. म्हणजे पोचा आला आणि दुरुस्तीला दोन हजार लागणार असतील, तर दावा न करणेच बरे. सतरा हजारांसाठी मात्र अवश्य करावा.

आता शेजाऱ्याकडे वळू. त्याच्याकडून भरपाई हवी असेल, तर त्याची हयगय दाखवावी लागते. भिंत धडधाकट होती आणि मोठ्या वादळाने पडली, तर त्याला दोष देणे अवघड. पण भिंतीला वर्षभर भेगा होत्या, साऱ्या बोळाने ते पाहिले होते, कुणी लेखी सांगितलेही होते, तरी त्याने गवंडी बोलावला नाही. मग देवाची करणी हे उत्तर पुरत नाही. मुंबईत घाटकोपरला 13 मे 2024 रोजी वादळात जाहिरातीचा प्रचंड फलक शेजारच्या पेट्रोल पंपावर पडला. 17 माणसे गेली. खालच्या गाड्या चेपून गेल्या. फलक सुमारे 120 फूट लांब आणि तितकाच उंच होता. महापालिकेची मर्यादा 40 फुटांची होती. वारा त्या दिवशी साऱ्या मुंबईत होता. हा फलक का पडला, हे लोकांनी विचारलेच.

झाडाचेही असेच आहे. वाळलेले, पोखरलेले झाड मालकाने काढले पाहिजे. मात्र शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तसा 1975 चा कायदा आहे. मालकाने परवानगी मागितली होती की नाही, हे विचारा. रस्त्याकडेचे झाड महापालिकेचे असेल, तर अर्ज तिच्याकडे करा.

भिंत पडण्याआधीच दोन ओळी लिहून दिल्या तर फार उपयोग होतो. आता तुम्हांला लिहिता येते. लेकीलाही लिहायला सांगा. असे लिहावे:

"श्री. घरमालक यांस नमस्कार. आपल्या गच्चीच्या कठड्याला मोठी भेग पडली आहे. खाली मुले खेळतात व गाड्या असतात. कृपया पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करावी. कळावे. तारीख. सही."

हे पत्र हातात द्या आणि नकलेवर त्यांची सही घ्या. सही देत नसतील तर पोस्टाने पोच मागून पाठवा. एक नक्कल महापालिकेला द्या. पडायला आलेली भिंत उतरवून घेण्याचा हुकूम आयुक्त मालकाला देऊ शकतात. शेजाऱ्याला राग येईल, येऊ द्या. पोराच्या डोक्यात वीट पडण्यापेक्षा तो बरा.

आता सर्वांत महत्त्वाचे. भिंत पडली की चार माणसे जमतात. मालक पाच हजार पुढे करतो आणि म्हणतो, "घ्या दादा, मिटवून टाकू. इथं सही करा." कागदावर लिहिलेले असते, 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, पुढे काही मागणे नाही.' थांबा. वाचल्याशिवाय सही करू नका. विमा कंपनी तुम्हांला पैसे देते, तेव्हा शेजाऱ्याकडून ते वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच शेजाऱ्याला मोकळे केले, तर कंपनीचा हक्क बुडतो. मग ती तुमचा दावा अडवू शकते. पाच हजारांपायी सतरा हजार जातील. आणि एकाच नुकसानीचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

मग सलोख्याने काही होतच नाही का? होते. आधी कंपनीला कळवा. कंपनीने न दिलेले साडेचार हजार शेजाऱ्याकडे मागा. पावतीवर 'विमा कंपनीने न दिलेल्या रकमेपैकी' असे स्पष्ट लिहा. भला माणूस एवढे देतो. तुमची लेक त्याच्या शेजारीच राहणार आहे, तेव्हा आवाज न चढवता मागा.

ज्याच्याकडे नुसता थर्ड पार्टी विमा आहे, त्याला मात्र शेजाऱ्याचीच वाट उरते. शेजारी ऐकेना, तर दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. लोकअदालतीत फी पडत नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे फुकट वकीलही मिळतो.

भिंतीऐवजी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागे येऊन तुमच्या गाडीवर आदळला, तर गोष्ट सोपी आहे. तिथे त्याचा थर्ड पार्टी विमा तुमच्या कामी येतो. ट्रॅक्टरचा नंबर आणि विम्याचा कागद टिपून घ्या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत जा.

आणि तुमच्याच कंपनीने दावा नाकारला तर? नकार लेखी मागा. कारण वाचा. पटले नाही तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करा. सोलापूरसाठी लोकपालाची कचेरी पुण्याला आहे. अर्ज एका वर्षाच्या आत करायचा असतो. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जासोबत विम्याचा कागद, फोटो, बिले, पोलिसांची पोच आणि कंपनीचे नकाराचे पत्र यांच्या नकला जोडा. मूळ कागद आपल्या पेटीत ठेवा.