रोगाचे शब्द आणि त्यांचे कूळ

परकी भाषा शिकावयास बसलो म्हणजे आपण प्रथम ओळखीचे चेहरे शोधतो. स्पॅनिशमधील रोगांची नावे पाठ करताना आम्हीही हेच केले. इंग्रजीशी जुळता शब्द दिसला की अर्थ कळला असे समजून पुढे जात होतो. पण येथे ही घाई महाग पडते.

'कॉन्स्तिपादो' हा शब्द घ्या. इंग्रजी जाणणारा म्हणेल, बद्धकोष्ठ, देईल रेचक. स्पेनमधल्या त्या बिचाऱ्याला मात्र झालेले असते पडसे! हे हसण्यावारी नेता येईल. पुढचे नेता येत नाही. 1980 साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका 18 वर्षांच्या तरुणास बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेले. त्याची मंडळी मूळची क्यूबाची. त्यांच्या बोलण्यात 'इन्तोक्सिकादो' हा शब्द आला. त्यांना सांगावयाचे होते की, काही खाण्यातून बाधा झाली असावी. ऐकणाऱ्यांनी अर्थ घेतला अमली पदार्थाचा. मेंदूतील रक्तस्राव ध्यानी येण्यास विलंब लागला आणि तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. जाणत्या दुभाष्यास कोणी बोलावलेच नाही. कारण दोन्ही पक्षांना वाटत होते, आपल्याला समजले.

मग हे शब्द शिकावे कसे? आम्ही म्हणतो, प्रत्येकाचे कूळ विचारावे. 'बाका' म्हणजे गाय; तिच्यापासून 'बाकुना', म्हणजे लस. पहिली लस गाईच्या देवीवरून निघाली. 1803 साली बाल्मिस या वैद्याने 22 अनाथ मुलांच्या दंडांवर, एकापासून दुसऱ्याकडे देत, ती स्पेनहून समुद्रापार नेली. गाय आठवली की शब्द विसरत नाही. आपणही लस टोचण्याला 'देवी काढणे' म्हणतच होतो.

हिवतापाला स्पॅनिश लोक 'पालुदिस्मो' म्हणतात. त्याच्या मुळाशी दलदल आहे. 'मलेरिया' या इटालियन शब्दात वाईट हवा आहे, तर आपल्या शब्दात थंडी. तिघांनी तीन ठिकाणी बोट ठेवले. डास कोणाच्याच नावात नाही. त्याच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना दिसला तो 1897 साली, सिकंदराबादेस.

तेव्हा कूळ स्मरणाला मदत करते, निदानाला नव्हे. रोग्यापाशी मात्र शब्द ओळखीचा वाटला तरी थांबावे आणि विचारावे: काय खाल्ले, केव्हापासून दुखते, कोठे दुखते? हे तीन साधे प्रश्न परक्या भाषेत आधी शिकावेत. रोगांची नावे मागाहून.