जुनी वेगवान बोट घेताय? आधी मागची भिंत ठोकून पाहा

अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९८४ ते १९८९ या काळात गाजलेल्या ‘मायामी व्हाइस’ या मालिकेने लांब, निमुळत्या नाकाची वेगवान बोट घराघरात पोहोचवली. त्या पिढीतील बोटी आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या असून, नव्याच्या तुलनेत अगदी किरकोळ भावात, कधी कधी एखाद्या बऱ्यापैकी मोटारीच्या किमतीत त्या विकावयास निघतात. चकचकीत रंग, आठ सिलिंडरच्या इंजिनाचा घनगंभीर आवाज आणि विक्रेत्याचे ‘फारच कमी वापरली आहे’ हे आश्वासन एवढ्यावर सौदा ठरतो. मात्र, ज्या गोष्टींमुळे अशी बोट बुडते, पेटते किंवा मालकाला कर्जबाजारी करते, त्यातील एकही गोष्ट वरून दिसत नाही, हीच खरी अडचण आहे.

या बोटींची वंशावळ १९६० पर्यंत मागे जाते. त्या वर्षीच्या मायामी-नासाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेल्या, खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाच्या ‘मॉपी’ या ३१ फुटी बोटीने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली आणि वेगवान बोटींची रचनाच बदलली. लाटेवर आपटण्याऐवजी लाट कापीत जाणारा हा तळ पुढे डॉन अ‍ॅरोनाव यांनी फॉर्म्युला, डोन्झी, मॅग्नम आणि सिगारेट या बोटींतून लोकप्रिय केला. फायबरग्लासचा हा तळ दीर्घायुषी असतो. चाळीस वर्षांनीही तो सहसा दगा देत नाही. दगा देते ते त्याच्या आत दडलेले लाकूड.

त्या काळच्या बहुतेक बोटींत मागची उभी भिंत, जिला ‘ट्रान्सम’ म्हणतात, ती फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घालून बनवीत. तळाला ताठपणा देणाऱ्या लांब तुळयांमध्येही (स्ट्रिंगर) लाकूडच असे. एखादा स्क्रू, शिडीचा बोल्ट किंवा पाणी उपसण्याच्या नळीचे छिद्र नीट बंद केलेले नसले, की तेथून पाणी आत झिरपते आणि बाहेरून काचेसारखी गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. इंजिन व पंख्याचा भाग मिळून अर्ध्या टनाच्या घरातील वजन, त्यात पंख्याचा रेटा आणि ताशी ६०-७० मैलांच्या वेगात लाटांचे तडाखे, हे सारे याच भिंतीने व तुळयांनी पेलायचे असते. त्या कुजल्या असतील, तर बाकी काहीही तपासण्यात अर्थ नाही.

तपासणीची पद्धत जुनी आणि साधी आहे. प्लॅस्टिकची लहान हातोडी किंवा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन भिंतीवर इंचाइंचाने ठोकत जावे. निरोगी लाकडावर खणखणीत, कोरडा आवाज येतो. कुजलेल्या जागी तो बद्द होतो. त्यानंतर बाहेर लोंबणाऱ्या पंख्याच्या भागावर हाताने भार देऊन पाहावे. त्याभोवती भिंत जराही वाकली, किंवा बोल्टच्या कडेने पाण्याचा ओघळ दिसला, तर सौदा तेथेच थांबवावा. विक्रेत्याची परवानगी मिळाल्यास पाण्याच्या रेषेखालचा एखादा स्क्रू काढून पाहणे सर्वांत बोलके ठरते: तपकिरी, ओला चुरा बाहेर आला की उत्तर मिळाले. ओलावा मोजण्याचे यंत्रही उपयोगी असते. परंतु बोट नुकतीच पाण्याबाहेर काढली असेल तर ते हमखास फसवते. अशी भिंत बदलायची तर इंजिन उतरवावे लागते आणि खर्च अनेकदा बोटीच्या किमतीशी बरोबरी करतो.

बोट उचलून ठेवलेली असतानाच तळावर, मागच्या टोकाकडे, एक लांब सरळ पट्टी धरून पाहावी. वर्षानुवर्षे चुकीच्या ट्रेलरवर ठेवलेल्या बोटीचा तळ तेथे आत दबतो. डोळ्याला न दिसणारा हा खळगा वेगात मात्र बोटीचे वर्तनच बिघडवतो.

इंधनाची टाकी हा पैशाचा नव्हे, प्राणाचा प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता तळाशी साचते आणि एक ठिणगी तिला पुरते. अनेक बोटींत अ‍ॅल्युमिनियमची टाकी फोममध्ये घट्ट बसवून वरून फरशी बंद केलेली असते. फोम ओला राहिला की टाकी बाहेरच्या बाजूने गंजते आणि ते कोणालाही कळत नाही. झाकण उघडताच पेट्रोलचा वास आला, तर कोणतेही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नये. फायबरग्लासच्या टाक्यांची कथा निराळी. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र आले, तेव्हा काही जुन्या बोटींच्या टाक्यांतील राळ विरघळून ती काळ्या चिकट थराच्या रूपाने इंजिनाच्या झडपांवर जाऊन बसली. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचल्याने जुन्या रबरी नळ्यांची चिंता येथेही आहेच. नळीवर उत्पादनाचे वर्ष छापलेले असते; ते वाचावे.

याच संदर्भात एक बाब बहुतेक खरेदीदार विसरतात. या बोटींची इंजिने मुळात मोटारींची असल्याने स्टार्टर किंवा अल्टरनेटर बिघडला, की काटकसरी मालक मोटारीच्या दुकानातून स्वस्तातला भाग आणून बसवतो. तो अगदी नेमका बसतो. फक्त त्यातून बाहेर पडणारी ठिणगी बंदिस्त नसते. मोटारीत वारा खालून खेळत असतो, बोटीचे पोट बंद असते. सुटे भाग बोटीसाठीचेच आहेत ना, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे चालवायचा हवा खेचणारा पंखा काम करतो ना, हे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता इंजिन. तासांच्या मीटरवरचा कमी आकडा ही जमेची बाजू मानली जाते, ती सर्वस्वी खरी नाही. वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन आतून गंजते. शिवाय मीटर बदलता येतो. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांहून फार दूर नसावेत. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. खाऱ्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या इंजिनांचे बिडाचे एक्झॉस्ट भाग पाच-सात वर्षांत आतून झिजतात आणि मग तेच पाणी सिलिंडरमध्ये उतरते. ते शेवटचे कधी बदलले याची पावती मागावी. ‘बदललेत की’ हे उत्तर धरू नये. पंख्याच्या भागाला जोडणारा रबरी भाताही असाच. तो फाटला की बोट धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच बुडू शकते, आणि अशा बोटी बुडतातही.

मालकाने इंजिनाची शक्ती वाढविली असल्यास अधिक सावध राहावे. हौस इंजिनावर खर्च होते, गिअर मात्र जुनेच राहतात. मर्क्रूझरचा ‘अल्फा वन’ हा भाग मध्यम शक्तीसाठी होता. दणकट इंजिनामागे तो दिसला, तर तो किती दिवस टिकेल हे सांगायला ज्योतिषी नको.

पाण्यावरील चाचणीला पर्याय नाही. पोहोचताच इंजिनाला हात लावावा. ते आधीच गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होताना काय घडते हे विक्रेत्याला दाखवायचे नाही, असा अर्थ घ्यावा. पूर्ण वेगात फेरे कंपनीने ठरविलेल्या मर्यादेत पोहोचतात का, तापमान स्थिर राहते का आणि परतल्यावर तळाशी किती पाणी साचले, हे पाहावे. खोल ‘व्ही’ तळाच्या बोटी अतिवेगात डावी-उजवीकडे डोलू लागतात. सुकाणूत ढिलाई असल्यास हे डोलणे वाढत जाऊन बोट उलटू शकते. चालकाच्या अंगाला जोडलेली, तो फेकला गेल्यास इंजिन बंद करणारी दोरी चाचणीतही बांधलेली हवी. चाचणी गर्दीच्या जलमार्गापासून दूर व्हावी, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीदरम्यानच ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांनी प्राण गमावले.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जुनी बोट घेणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकूड लवकर कुजवते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात आणि ताडपत्रीला एक भोक पडले, तरी चार महिने तळाशी पाणी साचून राहते. त्यामुळे बोट गेले काही पावसाळे कोठे व कशी ठेवली होती, हा प्रश्न ‘किती तास चालली’ यापेक्षा महत्त्वाचा ठरतो. ऑक्टोबरमध्ये घाईघाईने रंगवून विकावयास काढलेली बोट तर अधिकच काळजीने ठोकून पाहावी.

फाटक्या गाद्या, फिकटलेला रंग, बंद पडलेली घड्याळे यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे. भाव पाडण्यास ती उत्तम. स्वतंत्र सर्व्हेअर मात्र विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा, आणि त्याची फी खरेदीदारानेच द्यावी. आगाऊ रक्कम देताना तपासणीत दोष आढळल्यास ती परत मिळेल, असे लेखी घ्यावे. अमेरिकी बनावटीच्या बोटीवर १९७२ च्या नोव्हेंबरपासून मागच्या भिंतीवर, उजव्या बाजूस, बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. तो कागदपत्रांतील क्रमांकाशी अक्षरशः जुळवून पाहावा. महाराष्ट्रात महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, तर गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांच्याकडे नोंदणीची खातरजमा करता येते. क्रमांकाच्या जागी नवा रंग किंवा खाडाखोड दिसली, तर पैसे खिशातच ठेवावेत.