साथीदाराचे नाव घ्या!

जाझ म्हणजे बड्या हॉटेलातले, श्रीमंतांच्या करमणुकीचे संगीत, असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्याला कारणही आहे. मुंबईत हे संगीत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात साहेब आणि संस्थानिकांसमोर वाजत होते. परंतु ऐकणारा कोण होता यावरून संगीताची जात ठरत नाही. जाझ निर्माण केले ते अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांनी. ज्यांना माणूस म्हणून नाकारले गेले, त्यांनी जगाला दिलेली ही देणगी आहे. म्हणून ती आम्हाला परकी वाटत नाही.

कोर्टकचेरी आटोपून रात्री आम्ही जाझ ऐकतो. आरंभी कानात भरायचा तो फक्त पियानो. एका मित्राने सांगितले, "पियानो सोडा, त्याच्या खाली काय चालले आहे ते ऐका." आम्ही ऐकू लागलो. खाली होता डबल बास. माणसापेक्षा उंच, चार जाड तारांचे, उभे राहून बोटांनी छेडायचे वाद्य. लय तोच धरतो, सुरांचा पायाही तोच घालतो. पियानोवाला उंच झोके घेतो, कारण जमीन कोणीतरी धरून ठेवलेली असते. टाळ्या मात्र झोक्याला मिळतात!

हा अन्याय ज्यांना कळला, त्यांत ड्यूक एलिंग्टन हे फार मोठे नाव. पियानोवादक, रचनाकार आणि स्वतःच्या वाद्यवृंदाचे नायक. १९३९ मध्ये त्यांनी जिमी ब्लँटन या एकवीस वर्षांच्या बासवादकाला आपल्याकडे घेतले. बासवाल्याने मागे उभे राहून ठेका धरावा, ही तेव्हाची रीत. एलिंग्टन यांनी या पोराला पुढे आणले. १९३९ आणि १९४० मध्ये फक्त पियानो आणि बास अशा दोघांच्याच तबकड्या केल्या. त्यांत बास नुसता होकार भरत नाही. तो प्रश्न विचारतो, उत्तर देतो, स्वतःचे म्हणणे मांडतो. क्षयाने ब्लँटन १९४२ मध्ये गेला. वय अवघे तेवीस!

त्याच्या तबकड्या ऐकून रे ब्राऊन नावाचा मुलगा बास शिकला. पुढे कॅनडातल्या एका रेल्वे हमालाचा मुलगा, ऑस्कर पीटरसन, जगातला थोर पियानोवादक झाला, तेव्हा सुमारे पंधरा वर्षे त्याच्या शेजारी हाच रे ब्राऊन उभा होता. आणि १९७२ मध्ये, सत्तरी ओलांडलेले एलिंग्टन याच रे ब्राऊनला घेऊन बसले. पुन्हा फक्त पियानो आणि बास. त्या ध्वनिमुद्रिकेला नाव दिले ब्लँटनचे. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या साथीदाराची आठवण! थोर माणूस कसा ओळखावा, याचा याहून चांगला पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

या बासवाल्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चार्ल्स मिंगस हा मूळचा चेलो वाजवणारा. काळ्या माणसाला पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदात जागा मिळणार नाही, म्हणून तो बासकडे वळला. रॉन कार्टर तर शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला. एका नामांकित संचालकाने आपले वादन वाखाणले, पण संस्थेचे मंडळ काळा वादक स्वीकारणार नाही असे सांगितले, हे कार्टर यांनीच मुलाखतींतून सांगितले आहे. गुणवत्तेचे ढोल पिटणाऱ्यांनी हे वाचावे. गुणवत्ता होती, दार बंद होते!

पण दार बंद करणाऱ्यांना पुढचे ठाऊक नव्हते. याच कार्टर यांच्या नावावर २,२२१ ध्वनिमुद्रणांचा विश्वविक्रम २०१५ मध्ये नोंदला गेला. १९५७ मध्ये अर्कान्सासचा गव्हर्नर फॉबस याने नऊ काळ्या मुलांना शाळेत जाण्यापासून रोखायला सैनिक उभे केले, तेव्हा मिंगसने त्याच्या नावानेच त्याची खिल्ली उडवणारी रचना केली. १९५९ मध्ये ती वाद्यांवर, १९६० मध्ये शब्दांसह ध्वनिमुद्रित झाली. पाया घालणारा माणूस मुका नसतो.

आता हे सारे येथे लिहिण्याचे कारण. गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन आमच्याकडे होते. गायकाची ओळख आम्ही पाच मिनिटे करून दिली. ढोलकीवाला तीन तास घाम गाळत होता. त्याचे नाव आम्ही विचारलेसुद्धा नाही. समतेवर भाषणे करणारे आम्ही! त्या रात्री घरी येऊन एलिंग्टन आणि ब्लँटन ऐकायला बसलो आणि लाज वाटली.

समता फक्त संविधानाच्या पानावर नसते, ती व्यासपीठावरही दिसावी लागते. पत्रके चिकटवणारा, सतरंज्या उचलणारा, कोरस धरणारा, हे सारे आपले बासवादक आहेत. यंदाच्या जयंतीला आम्ही आधी ढोलकीवाल्याचे नाव घेणार आहोत. तुम्हीही घ्या.