नववर्षारंभी औषधशाळेचा विचार : नियोजन, संरक्षण व प्रसार



चैत्र शुद्ध प्रतिपदा आणि १ एप्रिलचे आर्थिक वर्ष हे दोन्ही आरंभ थोड्याच दिवसांच्या अंतराने येतात. सरत्या वर्षाचा जमाखर्च पाहून पुढील वर्षाची आखणी करण्यास याहून उचित काळ नाही. आपल्या व्यवसायात मात्र हिशेबाच्या वहीइतकेच ऋतुचक्रही महत्त्वाचे असते. मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागातील लहान औषधशाळेने नववर्षाचा विचार कसा करावा, याचे विवेचन आम्ही गुळवेलीच्या उदाहरणाने करीत आहोत.

एक बोलके उदाहरण

शहापूर येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून स्थानिक बाजारात विकण्यास प्रारंभ केला. पुढे वनधन योजनेचे साहाय्य लाभले. केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, डाबर, बैद्यनाथ, हिमालया यांसारख्या कंपन्यांकडून त्यांना ३५० टन गुळवेलीसाठी १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली. म्हणजे किलोस सुमारे ४५ रुपये पडले.

मोठ्या कंपन्या ज्या वनस्पतीसाठी आपल्या दारापर्यंत येतात, तीच वनस्पती आपल्यापैकी अनेकजण शहरातील घाऊक बाजारातून वाळलेल्या तुकड्यांच्या रूपात विकत आणतात. गुडूची, वासा, शतावरी इत्यादी द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत, आणि ओली असली तरी दुप्पट घेऊ नयेत, असा शार्ङ्गधराचा निर्देश आहे. गुडूचीसत्त्वासही ताजे कांडच लागते. दूरच्या कारखान्याला जे सहज साध्य नाही, ते आपल्याला सकाळी तोडून दुपारी खलात घेता येते. हे सान्निध्य हेच लहान औषधशाळेचे खरे भांडवल होय. त्याचे नियोजन, रक्षण व प्रसार करणे म्हणजेच व्यवसाय सांभाळणे.

१) नियोजन

आयुर्वेदीय फार्माकोपियानुसार गुळवेलीचे पक्व कांड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात गोळा करावे. म्हणून संकलकांशी बोलणी चैत्रातच व्हावीत. लागणारे वजन, दर आणि आणून देण्याचा दिवस आधी ठरवावा. खरेदी वैशाखात आणि विक्री त्यानंतर वर्षभर, असा आपला व्यवहार असल्यामुळे या खरेदीची रक्कम मार्चअखेरीसच वेगळी काढून ठेवावी.

उत्पादनाचे प्रमाण औषधाच्या आयुष्यावरून ठरवावे. नियमांनुसार चूर्णाची वापरमुदत २ वर्षे, तर आसव-अरिष्टांची १० वर्षे आहे. शार्ङ्गधर मात्र दोन महिन्यांनंतर चूर्ण हीनवीर्य होते असे सांगतो. आपल्याकडील पावसाळी दमट हवेचा अनुभव पाहता त्याचे म्हणणे ध्यानी ठेवणे श्रेयस्कर. चूर्णे थोडी व वारंवार करावीत; अरिष्टे एकदाच मोठ्या प्रमाणात केली तरी चालतील. वाळवणाची सर्व कामे मृग नक्षत्रापूर्वी आटोपावीत.

२) संरक्षण

पहिले संरक्षण द्रव्याच्या ओळखीचे. करोनाकाळात गुळवेलीची मागणी वाढली आणि काही रुग्णांमध्ये यकृतविकाराच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यावरून वाद झाला. औषधात टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच प्रजाती वापरावी, टिनोस्पोरा क्रिस्पा वापरू नये, असे आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. क्रिस्पाच्या कांडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात. वाळलेल्या, कापलेल्या तुकड्यांत असा भेद करणे कठीण. पानांसह आलेल्या ओल्या वेलीत तो तुलनेने सोपा. रुग्णाची सुरक्षा आणि आपली पत, दोन्ही या एका तपासणीवर अवलंबून आहेत.

दुसरे संरक्षण नोंदीचे. द्रव्य कोणी, कोणत्या गावातून, कोणत्या दिवशी आणले, वजन किती भरले आणि ते कोणत्या घाण्यात वापरले, एवढी माहिती नोंदवहीत असावी. उद्या तक्रार आलीच तर हीच वही आपली साक्ष देईल.

तिसरे संरक्षण कायद्याचे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार, स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्याची अट लागू नाही. परंतु तेच औषध बाटलीत भरून दुसऱ्याच्या दुकानात विक्रीस ठेवले की ही सवलत संपते. ही सीमारेषा अनेकांना ठाऊक नसते. परवानाधारकांच्या बाबतीत २०२१ पासून परवाना कायमस्वरूपी झाला असला, तरी नियमपालनाचे वार्षिक ऑनलाइन स्वयंघोषणापत्र चुकवू नये.

संकलकांचेही संरक्षण आपण पाहावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांवर त्यांचा हक्क मान्य केला आहे. वजन त्यांच्यासमोर करावे, पैसे त्याच दिवशी द्यावेत, आणि वेल मुळापासून न उपटता बुडखा राखून तोडण्याचा आग्रह धरावा. वेल टिकली तरच पुढील वर्षीचे नियोजन शक्य आहे.

३) प्रसार

जाहिरातीविषयीचा नियम १७० अनेक न्यायालयीन वळणांनंतर गेला. त्याच्या वगळण्यास दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये उठवली. त्यामुळे आता जाहिरातीस मोकळीक मिळाली, असा समज काहींचा झालेला दिसतो. तो चुकीचा आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आजही लागू आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा अशा त्याच्या परिशिष्टातील व्याधी बऱ्या करण्याचा दावा फलकावर, पत्रकात वा भ्रमणध्वनीवरील संदेशातही करता येत नाही.

मग प्रसार कशाने करावा? पौष पौर्णिमेस भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेला दूरदूरची माणसे येतात. तेथे वनौषधींच्या ओळखीचे लहानसे प्रदर्शन मांडावे. खरी गुळवेल कशी ओळखावी, हे कुंडीतील वेल दाखवून सांगावे. औषधाच्या वेष्टनावर घटक, तयार केल्याची तारीख व वापरमुदत सुवाच्य असावी. विचारणाऱ्यास नोंदवही दाखवण्याची आपली तयारी हीच उत्तम जाहिरात.

मोठ्या कंपन्यांशी किमतीत स्पर्धा करणे आपल्याला परवडणारे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. ताजे द्रव्य, निश्चित ओळख आणि चोख नोंद या तीन गोष्टींत आपण त्यांच्या पुढे राहू शकतो. तरी येत्या पंधरवड्यात प्रत्येकाने निदान दोन कामे करावीत : वैशाखात लागणाऱ्या द्रव्यांची यादी, आणि नव्या नोंदवहीचे पहिले पान.