चढती साखर, उतरती साखर

‘माझी साखर उतरली’ हे वाक्य आपल्या गावागावांतून एखाद्या शुभवर्तमानासारखे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मुखावर समाधान असते, ऐकणारा त्याचे कौतुक करतो, आणि किती उतरली, किती वेळात उतरली, हे सहसा कोणी विचारीत नाही. मधुमेहाच्या रोग्याची साखर चढू नये हे खरेच. परंतु ती एकाएकी कोसळू नये हेही तितकेच खरे आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्या कुटुंबांतून फारसे लक्ष दिले जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मधुमेह हा केवळ शहरातल्या श्रीमंतांचा रोग, ही समजूत आता टाकून द्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही होते, आणि प्रौढांमधील त्यांचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात अधिक, म्हणजे शेकडा २६.४ इतके आढळले. चार प्रौढांमागे एक! खानापूर-बेळगावकडच्या वाचकांनी हा आकडा शेजाऱ्याचा म्हणून सोडून देऊ नये. घाटाच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, भाताचे ताट तेच आहे.

निरोगी मनुष्याच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम एक लहान चमचाभर साखर असते. एवढ्याशा साखरेवर मेंदू अहोरात्र चालतो. जेवण झाले की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते व जादा साखर स्नायूंत आणि यकृतात साठवली जाते. रात्री आपण निजलेले असताना यकृत ती थोडी थोडी परत देते. मधुमेहात हा जमाखर्च बिघडतो आणि गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने तो बाहेरून जुळवावा लागतो. मात्र स्वादुपिंडाला जे कळते ते टोचलेल्या इन्सुलिनला कळत नाही. एकदा शरीरात गेले की ते आपले काम करीत राहते. चुलीवरचा भात शिजला आहे की नाही, याची ते वाट पाहत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्यांचेही तसेच आहे. मेटफॉर्मिन ही गोळी एकटीच चालू असेल तर साखर फार खाली जाण्याचा संभव पुष्कळच कमी. यास्तव आपल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावे घरातील एका तरी माणसास पाठ असावीत. ‘ती पांढरी’ आणि ‘ती अर्धी’ एवढे ज्ञान पुरेसे नाही.

साखर ७० च्या खाली गेली म्हणजे शरीर इशारा देते. हात कापू लागतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, वखवखल्यासारखी भूक लागते. ५४ च्या खाली मेंदूच उपाशी पडतो. मग माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या देतो आणि अखेरीस बेशुद्ध होतो. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शेतकरी पहाटे गोळी घेऊन, काहीही न खाता, एका दफनविधीस आले होते. दहाच्या सुमारास दफनभूमीच्या फाटकापाशी ते भलतेच बोलू लागले. सकाळीच घेऊन आले आहेत, असे दोघातिघांनी हळूच म्हटलेही. गर्दीतल्या एका परिचारिकेने त्यांच्या कपाळावरचा थंड घाम पाहिला आणि शेजारच्या घरातून साखरेचे पाणी मागविले. पाव घटकेत म्हातारा आपल्या बैलांविषयी शुद्धीवर बोलू लागला. ज्यांनी शंका घेतली ते लोक वाईट नव्हते. घसरलेली साखर आणि चढलेली दारू यांचे सोंग खरोखरच सारखे दिसते.

दोन्ही एकत्र आली तर संकट दुणावते. फेणी असो की दुसरे कोणतेही मद्य, ते पोटात गेले की यकृत ते निपटण्यात गुंतते व साखर परत देण्याचे त्याचे काम मागे पडते. रिकाम्या पोटी घेतलेल्या पेल्यामुळे साखर कित्येक तासांनी, बहुधा झोपेत, खाली जाते; आणि घरचे म्हणतात, निजू द्या, उतरेल. मधुमेह्याच्या बाबतीत त्याला हाक मारून, जागे करून पाहावे.

उपाय सोपा आहे. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, सुधारणा नसल्यास पुन्हा तेवढेच द्यावे, आणि बरे वाटल्यावर पोळी-भाजी किंवा भात खाऊ घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र थेंबभरही काही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून विनाविलंब इस्पितळात न्यावे. वर सांगितलेल्या गोळ्यांचा प्रभाव दीर्घकाळ टिकत असल्याने एकदा सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. म्हणून ‘आता बरे आहे’ म्हणून घरी बसणे शहाणपणाचे नव्हे.

तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी नावाची तपासणी उपयुक्त आहे, परंतु ती सरासरीच आहे. एका रोग्याची साखर दिवसभर दीडशेच्या आसपास राहिली आणि दुसऱ्याची एकदा ५० तर एकदा २५० अशी हेलकावे खात राहिली, तर दोघांचा आकडा जवळजवळ सारखा येऊ शकतो. कागदावर दोघे सारखे. प्रत्यक्षात दुसरा कधी जिन्यावरून पडेल याचा नेम नाही. सामान्यतः जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, अशी मर्यादा प्रौढांना सांगतात. वयोवृद्ध व अशक्त माणसांसाठी डॉक्टर ती बरीच सैल ठेवतात, आणि ते योग्यच आहे. सत्तरीतल्या आजोबांनी नातवाच्या आकड्यांशी चुरस करू नये. घरी तपासण्याचे लहान यंत्र असल्यास रोज एकाच वेळी तपासण्यापेक्षा कधी उपाशीपोटी, कधी जेवणानंतर दोन तासांनी, कधी निजण्यापूर्वी तपासून तारीखवार वहीत लिहावे. डॉक्टरांना त्या वहीतून जे समजते ते तुमच्या ‘बरे आहे’ या उत्तरातून समजत नाही.

आता ताटाविषयी. भात अजिबात वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा आठ दिवस टिकते आणि नवव्या दिवशी दुप्पट भात खाल्ला जातो, असे मी पाहत आलो आहे. त्यापेक्षा दोन्ही वेळी मोजकी आणि सारखी वाढ ठेवावी. अगोदर भाजी, उसळ किंवा मासळी खावी आणि भात शेवटी घ्यावा. एवढ्या क्रमबदलानेही साखरेची उसळी कमी होते. गिरणीतल्या पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा उकडा तांदूळ बरा. परंतु तोच उकडा तांदूळ फार शिजवून त्याची पातळ पेज केली तर ती झटकन पचते आणि साखर भराभर वर जाते. नाचणीच्या बारीक पिठाची आंबीलही त्याच वाटेने जाते. धान्य गुणाचे असले तरी ते कोणत्या रूपात पोटात जाते यालाही महत्त्व आहे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे अंगणात फेऱ्या माराव्यात, स्नायू साखर वापरू लागतात. (नाताळच्या सुमारास घरोघरच्या भेटींत प्रत्येक ठिकाणी पुढे येणारा गोड चहा आणि दोदोल नाकारणे किती कठीण असते, हे धर्मगुरूंना कोणी सांगावयास नको.)

उपवासाविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण येथे भाविकपणाच घातक ठरू शकतो. ख्रिस्तप्रसादापूर्वी मध्यरात्रीपासून उपाशी राहण्याची जुनी शिस्त १९५३ साली सैल झाली, १९५७ साली ती तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आली. पाणी आणि औषध यांनी तो उपवास मोडत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेने तर वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना त्या एका तासातूनही मोकळीक दिली आहे. तरीही आईने शिकविले म्हणून पहाटे गोळी घेऊन, रिकाम्या पोटी दोन मैल चालत येणाऱ्या आजीबाई आजही दिसतात. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दिवशीचा उपवास अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांवर बंधनकारक असतो व साठाव्या वर्षाच्या आरंभी ते बंधन सुटते; रोग्यावर तर ते कोणत्याही वयात नाही. ज्यांना त्याग करावयाचा आहे त्यांनी दुसरा काही करावा. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळणे हा त्याग नव्हे.

याच्या उलट चूक तापाच्या दिवसांत होते. खाणे जात नाही म्हणून इन्सुलिन बंद केले जाते, आणि तापामुळे साखर तर वाढतच असते. अशा वेळी पाणी भरपूर प्यावे, साखर दर काही तासांनी पाहावी आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज इन्सुलिन थांबवू नये. उलट्या होत असतील तर घरी थांबू नये. ज्या घरी रात्रीची जपमाळ आटोपल्यावरच पाने मांडली जातात, तेथे इन्सुलिन घेणाऱ्याने सुई जपमाळेपूर्वी टोचून घेऊ नये; जेवण समोर आल्यावर, किंवा डॉक्टरांनी जेवणापूर्वी जेवढा वेळ सांगितला असेल तेवढाच अगोदर ती घ्यावी. आणि प्रार्थनेस पाहुणे आल्यामुळे उशीर होणार असेल, तर आजोबांचे पान आधी वाढावे.